निम्म्या हवेचा डोंगर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागे एकदा या व्यासपीठावर उभी राहिले होते ती लोणच्यांच्या स्पर्धेचा निकाल वाचायला. आज चिटणीसबाईंनी मला डोंगरावर बोलायला उभे केले आहे, आणि तेही अशा डोंगरावर, की ज्याच्या माथ्यावर मी पोहोचलेच नाही. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत बसून कुणाची निराशा व्हायला नको. मी त्यांनाही तसे म्हणाले होते. त्यावर त्या म्हणाल्या, “माथ्यावर गेलेल्यांची भाषणे पुष्कळ झाली. तुम्ही तयारी कशी केलीत आणि ती कुठे चुकली, तेवढे सांगा. आपली सहल समिती यंदा लेहला जायचे म्हणते आहे.” तेव्हा आजचे बोलणे तयारीविषयी.

माझी धाकटी लेक दक्षिण अमेरिकेत, चिली देशाच्या राजधानीत, सांतियागो येथे नोकरीला आहे. २०२३ साली मला साठ पुरी व्हायची होती. तिने फोनवर विचारले, “आई, साठीला तुला काय हवे?” पैठणी म्हणेन असे तिला वाटले असावे. मी म्हणाले, “मला अटाकामा दाखव.”

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर लिहायचे, “अटाकामा: ध्रुवप्रदेश सोडले तर जगातील सर्वांत कोरडे वाळवंट.” पश्चिमेला थंड हंबोल्ट प्रवाह, त्यामुळे समुद्रावरची हवा वर चढून ढग होत नाहीत, पूर्वेला अँडीज पर्वत, त्यामुळे अमेझॉनकडची वाफ अलीकडे येत नाही. मुले घोकायची, मी गुण द्यायची. पण वाळवंट म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे उंट आणि वाळू. या वाळवंटाच्या कडेला सहा-सहा हजार मीटरचे ज्वालामुखी ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्यावर वाळू नव्हे तर बर्फ असते, हे मी सांगितले तरी ती पटवून घेत नसत. खरे म्हणजे मलाही पटले नव्हते.

आपण नाशिककर ज्या काळ्या दगडावर राहतो तोही ज्वालामुखीचाच. पण आपला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ वाहत आला आणि तव्यावरच्या घावनासारखा पसरला, थरावर थर. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे. तिकडे समुद्राचा तळ अँडीजच्या खाली सरकतो, आणि त्यातून जो रस वर येतो तो घट्ट, चिकट. तो फार पसरत नाही, राख आणि दगड यांच्यासह तिथेच साचतो. म्हणून तिकडचे डोंगर खळ्यावरच्या धान्याच्या राशीसारखे टोकदार.

लेक म्हणाली, “पाहायचाच तर एखादा चढूनच पाहू.” आमच्या घरी हे कळल्यावर उत्तर मिळाले, “डोंगरच हवा तर पांडवलेणी गच्चीतून दिसतात.” पुढे तेच मला रोज पहाटे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी सोडायला येत, हेही सांगायला हवे.

पहिला प्रश्न, कोणता डोंगर? सान पेद्रो दे आताकामा हे त्या भागातले मुख्य गाव, सुमारे २,४०० मीटर उंचीवर. गावातून सर्वांत देखणा दिसतो तो लिकानकाबुर, ५,९१६ मीटर. अगदी चित्रात काढावा तसा शंकू. माथ्यावर विवरात तळे, काठावर इंका लोकांच्या बांधकामाचे अवशेष. पण तो चिली आणि बोलिव्हिया यांच्या सरहद्दीवर. १९७० नंतरच्या दशकात चिलीच्या लष्कराने त्या सरहद्दीवर सुरुंग पेरले होते. २०२० साली शेवटचे सुरुंग काढल्याचे त्या सरकारने जाहीर केले. तरी चढायची रूढ वाट बोलिव्हियाच्या बाजूनेच आहे. म्हणजे दुसऱ्या देशाचा परवाना, आणि चढ तर एका दिवसात हजार मीटरहून जास्त. तो नापास. त्याच्याच शेजारी हुरिकेस नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. तिथली एक कथा सांगते, की दोघे भाऊ एकाच सुंदरीवर भाळले आणि त्या भांडणात हुरिकेसचे डोके उडाले. डोंगरांच्या घरीही तेच रडगाणे!

दुसरा लास्कार, ५,५९२ मीटर. हा जागता. १९९३ च्या एप्रिलमध्ये तो असा भडकला, की राख थेट आर्जेन्टिनात ब्वेनोस आयरेसपर्यंत जाऊन पडली. आम्ही बेत करू लागलो आणि १० डिसेंबर २०२२ ला त्याने पुन्हा धुराचा लोट सोडला. त्याचाही विषय संपला.

उरला सेरो तोको. सेरो म्हणजे डोंगर. उंची ५,६०४ मीटर. हा जुना, निवलेला ज्वालामुखी. त्याच्या अंगावर पूर्वी गंधकाची खाण होती, तिचा कच्चा रस्ता ५,१०० मीटरच्या वर जातो. म्हणजे पायी चढायचे ते चारेकशे मीटरच. लोक त्याला “सोपा” म्हणतात. भगिनींनो, हा शब्द मी त्या दिवशी वहीत लिहिला होता. आता त्याच्यावर काट मारलेली आहे.

आपले कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी तोकोच्या माथ्याला साडेसहाशे मीटर कमीच पडतात. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा. नाक तेच, छाती तीच, श्वास तेवढाच. पण प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू निम्मा. पोळीचा डबा उघडावा आणि रोज चारऐवजी दोनच पोळ्या निघाव्यात, तसे. शरीर यावर उपाय करते: श्वास जलद होतो, लघवीला अधिक होते, पुढे रक्तही बदलते. पण याला दिवस लागतात. ते दिवस पैशाने विकत मिळत नाहीत की व्यायामाने कमी होत नाहीत. मी पांडवलेण्यांच्या पायऱ्या सहा महिने चढले, बारीहून शिड्यांच्या वाटेने कळसूबाईला दोनदा जाऊन आले, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीलाही गेले. त्याने गुडघे तयार झाले. उंचीची तयारी मात्र उंचीवरच करावी लागते.

म्हणून आमच्या तयारीतली मुख्य वस्तू म्हणजे दिनदर्शिका. डोंगरातले डॉक्टर सांगतात, की तीन हजार मीटरच्या वर रात्रीचा मुक्काम रोज पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये आणि मधूनमधून एक पूर्ण दिवस विसावा घ्यावा. दुसरा नियम असा, की दिवसा उंच जाऊन यावे आणि झोपायला खाली यावे. सान पेद्रो याला फार सोयीचे; झोप सदा २,४०० वर, आणि दिवसा गाडीने हवे तितके वर. महिनाही पाहावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत त्या कोरड्या मुलखातही वरच्या डोंगरांवर विजा, पाऊस आणि बर्फ येते. जून-जुलैत थंडी कडक. आम्ही ऑक्टोबर धरला.

मग मी वही घातली. डाव्या पानावर तारीख, गेलेली उंची, झोपेची उंची. उजव्या पानावर पाच प्रश्न: डोके दुखते का? मळमळते का? जेवण गेले का? झोप लागली का? चक्कर? कोविडच्या साथीत घेतलेले, बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र आपल्या सर्वांच्या कपाटात पडून आहे. तेही घेतले. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब, हिमोग्लोबीन, हृदयाचा आलेख, सगळे तपासले आणि डायमॉक्सच्या गोळ्या लिहून दिल्या. आधी सल्फाचे वावडे नाही ना, हे विचारून घेतले. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि रात्री दोनदा उठावे लागते. ते ठाऊक असले म्हणजे घाबरायला होत नाही. मी गोळी घेतली. लेक हसली. ती दर रविवारी वीस मैल सायकल दामटते. “मला कशाला?” म्हणाली.

सामानाचे फार सांगत नाही. लोकरी कानटोपी, दोन जोड हातमोजे, वारा अडवणारे जाकीट, काळा चष्मा, ओठांना लावायला मलम. ऊन असे, की थंडीत कुडकुडत असतानाही नाकाची साल निघते. पाणी दिवसाला तीन-चार लिटर. तिथल्या नद्यांच्या पाण्यात मुळातच आर्सेनिक असते, म्हणून प्यायचे पाणी विकतचे. शेतमालाच्या बाबतीत त्या देशाचा कायदा फार कडक. विमानतळावर मी सगळे जिन्नस कागदावर लिहून दिले; मेथीदाणे त्यांनी ठेवून घेतले, शेंगदाण्याची चिक्की हुंगून परत दिली. लपवले असते तर दंड बसला असता.

एक गोष्ट मात्र घरून नेली नाही याचा पश्चात्ताप झाला. प्रेशर कुकर! सान पेद्रोला पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळते. डाळ उकळते, नाचते, फेस काढते, पण शिजत नाही. दोन तासांनी वरण म्हणून जे पानात आले त्याचे दाणे मोजता येत होते. एल तातियोला, ४,३२० मीटरवर, गरम पाण्याची कारंजी जमिनीतून उसळतात आणि पहाटेच्या थंडीत वाफेचे खांब उभे राहतात. तिथे पाणी ८६ अंशांवर उकळते. आमच्या वाटाड्याने त्या वाफेच्या कडेला अंडी ठेवली होती. कशी झाली ते मी खात नसल्यामुळे सांगू शकत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी आम्ही मायलेकी विमानाने सांतियागोहून कालामाला आणि तिथून शंभर किलोमीटर मोटारीने सान पेद्रोला पोहोचलो. मातीच्या भिंतींचे गाव. देवळाचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, छप्परही निवडुंगाच्या लाकडाचे. दुसऱ्याच दिवशी लेकीला कचेरीतून बोलावणे आले. काहीतरी बिघडले होते आणि तिच्यावाचून अडले होते. ती म्हणाली, “आई, तू बेतात खंड पाडू नकोस. मी येतेच.” आणि ती परत सांतियागोला गेली. सांतियागो म्हणजे साडेपाचशे मीटर. आपल्या नाशिकएवढे.

मी राहिले. भाषा येत नाही, गावात ओळख नाही. पण ज्या घरी उतरले होते ती बाई माझ्याच वयाची. ती तिच्या भाषेत बोले, मी माझ्या. विणकामाच्या टाक्यांवर आमचे पुष्कळ बोलणे झाले. वाटाड्या तिथल्याच मूळच्या लिकान-आन्ताय लोकांपैकी, चाळिशीचा, मितभाषी. त्याने मला एक शब्द शिकवला, “देस्पासिओ”. म्हणजे हळू. मी पाऊल उचलले की तो म्हणे, “देस्पासिओ, सेन्योरा.” एकविसाला मिस्कांतीचे तळे, ४,१४० मीटर. बाविसाला विसावा. तेविसाला तातियो. तिथे डोके थोडे दुखले, ते मी वहीत लिहिले. यंत्राने ८४ दाखवले, तेही लिहिले. खाली आल्यावर डोके थांबले. चोविसाला विसावा. वही मोठी व्यवस्थित भरत होती. मला तिचा अभिमानच वाटू लागला होता.

त्या चोविसाला दसरा होता. संध्याकाळी लेक परत आली. अंगणात अल्गारोबोचे झाड होते. झाड आपल्या शमीच्याच कुळातले, पानेही तशीच बारीक. त्याचीच पाने मी तिच्या हातावर सोने म्हणून ठेवली आणि तिने मला नमस्कार केला. घरधनीण बाई दारात उभी राहून पाहत होती. तिलाही दोन पाने दिली.

इथे मी चुकले. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत हामा घाटाच्या रस्त्याने ४,६०० मीटरपर्यंत जाऊन यायचे होते, कारण माझी तितकी तयारी झाली होती. आम्ही दोघी गेलो. सव्वीसला विसावा आणि सत्तावीसला तोको, हे महिन्याभरापूर्वी ठरलेले. अठ्ठाविसाला वारा वाढणार असा अंदाज होता आणि तिसाला आमची परतीची तिकिटे. मी नऊ दिवस त्या हवेत होते, लेक तीन. भूगोलाच्या बाईला ही वजाबाकी सुचू नये? पण सगळ्यांची नजर माझ्यावर. साठीची मी, रक्तदाबाची गोळी मला, धाप मला. वाटाड्या मला विचारी, घरधनीण मला चहा करून देई, लेक माझी नाडी पाही. तिच्याकडे कुणी पाहिलेच नाही. वहीत तिचे उजवे पान तिने स्वतः भरले: डोके, नाही. मळमळ, नाही. झोप, उत्तम. बोटाचा आकडा ९१. मी तपासून खाली सही केली, शाळेत करीत असे तशी.

सव्वीसच्या रात्री मला झोप आली नाही. त्या मुलखातल्या उंच डोंगरांविषयी एक पुस्तक वाचत होते. युयायाको नावाचा ज्वालामुखी ६,७३९ मीटरचा. त्याच्या माथ्याजवळ १९९९ साली योहान राइनहार्ड आणि त्यांच्या सोबत्यांना तीन मुलांचे देह मिळाले. पाचशे वर्षे गारठ्यात जसेच्या तसे राहिलेले. इंका लोकांनी देवाला वाहिलेली मुले. त्यांतली थोरली मुलगी जेमतेम तेरा-चौदा वर्षांची, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. इतक्या वर कुणीतरी तिला चालवत नेले असेल. मी पुस्तक मिटले. शेजारी लेक कुशीवर पडली होती. झोपली आहे असे मला वाटले. ती जागी होती, हे मागाहून कळले.

पहाटे निघालो. रस्ता एका दमात २,४०० वरून साडेचार हजारांवर चढतो. उजाडता उजाडता लिकानकाबुर डाव्या खिडकीत इतका जवळ आला, की हात लावावा. पुढे चाहनांतोरचे पठार. तिथे आल्मा नावाची दुर्बीण आहे. ६६ पांढऱ्या तबकड्या सुमारे ५,००० मीटरवर आकाशाकडे तोंड करून. आपल्या जिल्ह्याच्या पलीकडे खोडदला ३० मोठ्या तबकड्या आहेत, त्या दाखवायला मी हिला शाळेच्या सहलीतून नेले होते. तिला ते आठवते का, असे विचारले. ती म्हणाली, “हं.” एवढेच. गाडीत बोलणारी ती आणि ऐकणारी मी, अशी आमची नेहमीची वाटणी. तेव्हाच उमजायला हवे होते.

साडेआठला खाणीच्या वाटेवर उतरलो. उणे आठ अंश. वाटाड्याने कोकाची चार पाने दगडाखाली ठेवून भूमातेला वाहिली. मी मनात वणीच्या देवीला हात जोडले. ठराव असा होता, की बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे. जमीन मुरमाची, मधूनमधून गंधकाचे पिवळे डाग. तीन पावले वर, एक पाऊल खाली. एक पाऊल, दोन श्वास. एक पाऊल, दोन श्वास. मी मनात पाढे म्हणत होते. आणि नवल सांगते, मला छान वाटत होते. माथ्यावरचे दगड एक-एक मोजता येतील इतके स्पष्ट दिसत होते.

सुमारे ५,४५० मीटरवर पाणी प्यायला थांबलो. लेकीचा हातमोजा खाली पडला. ती वाकली, तिने दोनदा हात घातला आणि दोनदा हात मोज्याच्या बाजूला पडला. मग ती हसली. ते हसणे माझ्या ओळखीचे नव्हते. वाटाड्याने तिच्याकडे पाहिले आणि काठीने मुरमात एक रेघ ओढली. रेघेवर टाचेला अंगठा लावून चालायला सांगितले, मुली लहानपणी चालतात तसे. तिसऱ्या पावलाला ती कलली. त्याने तिचा दंड धरला आणि मला म्हणाला, “आबाहो.” खाली. हा शब्द मला शिकवलेला नव्हता, पण कळला.

डोके दुखणे ही एक गोष्ट. तोल जाणे ही अगदी दुसरी. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण. तिथे थांबायचे नाही, बसायचे नाही, गोळी घेऊन वाट पाहायची नाही, खाली उतरायचे. हे सगळे माझ्याच वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईने, चौकटीत लिहिलेले होते.

आणि तरीही माझ्या मनात काय आले, ते आज सांगायचे ठरवून आले आहे. दीडशे मीटर राहिले होते. खाली गाडीत चालक होता. मनात आले, हिला याने खाली पोहोचवावे आणि मी एकटीने हळूहळू वर जाऊन यावे. वाट तर दिसतेच आहे. दोन श्वासांपुरतेच आले. पण आले. माझे तोंड उघडलेले होते. वाटाड्याने माझ्या खांद्याला धरून मला उतरणीकडे वळवले, लहान मुलाला वळवतात तसे, आणि एका हाताने तिला, एका हाताने मला धरून तो चालू लागला.

चढायला दीड तास लागलेली वाट अर्ध्या तासात उतरलो. गाडीत प्राणवायूची नळकांडी होती. ती ठेवायला हवी हे मी हट्टाने लिहून घेतले होते, माझ्यासाठी! ती तिच्या नाकाला लावली. चालकाने गाडी अशी हाकली, की एरवी मी रागावले असते. साडेतीन हजारांच्या खाली आल्यावर तिने डोळे नीट उघडले आणि विचारले, “आई, तू वर जाऊन आलीस?” मी म्हणाले, “हो.” खोटे बोलले. ती पुन्हा डोळे मिटून पडली. गावच्या दवाखान्यात तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले, औषध दिले. दिवेलागणीला तिला भूक लागली, तेव्हा माझे हात कापायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी ती बोलली. पंचवीसच्या रात्रीपासूनच डोके ठणकत होते. सव्वीसला सकाळी उलटी झाली होती, मी आंघोळीला गेले होते तेव्हा. “सांगितले असते तर तू बेत मोडला असतास. सहा महिने पायऱ्या चढलीस, आई. माझ्या डोकेदुखीसाठी?” मी काही बोलले नाही. मीही आयुष्यभर हेच केले आहे. आजारी असताना पुरणाचा घाट घातला आहे आणि विचारले तर “काही नाही गं” म्हटले आहे. तिने ते कुठे पाहिले असेल, ते मला विचारावे लागले नाही.

ती अठ्ठाविसाची तारीख, कोजागिरी. वारा खरेच सुटला होता, रात्री पडला. घरधनीणबाईकडून मी पातेले मागून घेतले, दूध आटवले, जवळचे वेलदोडे घातले. दूध तिथे फार लवकर वर येते, पातेल्यापासून हलता येत नाही. चंद्र डोंगरांच्या ओळीमागून वर आला आणि मिठाचे मैदान पांढरे झाले. तोकोही दिसत होता. मी तेव्हा तिला खरे सांगितले, की मी वर गेले नाही. ती म्हणाली, “मला ठाऊक होते. तुला खोटे बोलता येत नाही.” मग तिने वही मागितली, पंचवीस आणि सव्वीस तारखेची पाने काढली आणि “नाही”च्या पुढे काट मारून “हो, फार” असे लिहिले. खाली स्वतःची सही केली. मी माझ्या सहीवर काट मारली.

वाटाड्या दुसऱ्या दिवशी विचारायला आला होता, सेन्योरा एकटी येणार का म्हणून. वारा पडला होता, माझी तब्येत ठणठणीत होती. मी नाही म्हटले. खंत वाटते का? वाटते. अजून कधीकधी डोळ्यांपुढे ते माथ्यावरचे दगड येतात.

आता आपल्या लेहविषयी. सूचना फलकावर लावलेला कार्यक्रम मी वाचला. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि आपण तिथे दिल्लीहून विमानाने तासा-दीड तासात उतरणार आहोत. दुसऱ्याच दिवशी खार्दुंगला लिहिले आहे, ते सुमारे ५,३६० मीटर. समितीने राग मानू नये. पण पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसते बसा, चहा प्या, बाजारात हळू फिरा, आणि खार्दुंगला शेवटी घ्या. एक दिवस वाढेल, वर्गणी थोडी वाढेल. आणखी एक, ज्या कोणी मागाहून येऊन मिळणार असतील, त्यांचे दिवस त्या आल्यापासून मोजा. रोज संध्याकाळी एकीने दुसरीला पाच प्रश्न विचारावेत. स्वतःचे पान स्वतः भरायचे नाही. “काही नाही गं” हे उत्तर धरायचे नाही.

माझी वही चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना प्रश्न उतरून घ्यायचे असतील त्यांनी चहाच्या वेळी घ्यावेत. घरी न्यायची असेल तर न्या, मात्र आठवड्यात परत करा. तीत लेकीचे अक्षर आहे.